मैकसेटवाले मुकुंदराव

कुंभकोणमात १९५७ साली सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, असं बाजारात विचारलं असतं तर कुणीही मुकुंदरावांचं नाव घेतलं असतं. माणूस पाहिल्यावर मात्र विश्वास बसला नसता. अंगाने काडी, उंची बेताची, आणि बोलणं असं की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे. पण त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटार होती, मोटारीच्या टपावर पत्र्याचे दोन कर्णे होते, आणि मागच्या बाकाचा अर्धा भाग काढून तिथे एक लोखंडी पेटी घट्ट बसवलेली होती. या सगळ्या सरंजामाला मिळून गाव ‘मैकसेट’ म्हणे. नाटक कंपनी येवो, साड्यांचं नवं दुकान उघडो, उत्सवाच्या गर्दीत कुणाची सासू हरवो, मुकुंदराव मैक तोंडाशी धरत आणि बातमी चारी रस्त्यांनी फिरून येई. बोलत अर्थात तमिळमध्ये.

घरची भाषा मात्र मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेले. दरबारात ते नेमके काय होते याचा कुणाला पत्ता नाही. आजोबा म्हणत कारकून, वडील म्हणत फडणीस, आणि एक चुलते तर अलीकडे दिवाणगिरीपर्यंत पोचले होते. दरबार गेला, हुद्दे गेले, भाषा तेवढी राहिली. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल पडलं की तमिळ, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नसे. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात येत नसे. तमिळ मोठ्याने बोलायची आणि मराठी हळू. भाजीवाली, शेजार, रस्त्यावरचं भांडण हे सगळं तमिळ, म्हणून खणखणीत. मराठी चुलीपुढची, आजारपणातली, नवराबायकोची. दोन-अडीचशे वर्षं चार भिंतींत राहून त्या भाषेची ओरडायची सवयच मोडली होती.

मुकुंदराव रोज सकाळी मैकची छोटी पेटी उचलून उंबऱ्यापाशी थांबत आणि म्हणत, ‘‘येतों.’’ निघताना ‘जातो’ का म्हणायचं नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मग आतून, चुलीपुढून, त्यांची बायको नागलक्ष्मी म्हणे, ‘‘यावें.’’ एवढंच. अठ्ठावीस वर्षं हे चाललं होतं. मुलगी विजयलक्ष्मी लग्न होऊन तिरुचिरापल्लीला गेली, घरात दोघंच उरली, तरी हे दोन शब्द कधी चुकले नाहीत. आणि आता वर्ष झालं, ते ‘यावें’ ऐकू येत नव्हतं.

का, याबद्दल मुकुंदरावांच्या मनात शंका नव्हती. त्याआधीच्या माघात, बारा वर्षांनी एकदा भरतो तो, महामहमचा मेळा झाला. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ कर्ण्याखाली बसून त्यांनी हरवलेल्या माणसांची नावं पुकारली. मेळा संपून दोन आठवडेही झाले नसतील, तोच तिरुनीलक्कुडीहून मेव्हण्याचा निरोप आला, की आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघा. नागलक्ष्मीची आई मीनाक्षीबाई. मुकुंदरावांना त्या सकाळी चोळपुरम्‌ला नाटकाची दवंडी द्यायची होती. ते म्हणाले, बारापर्यंत परत येतो, मग मोटारीनेच जाऊ. नागलक्ष्मी पिशवी भरून बसली.

चोळपुरम्‌च्या बाजारात त्यांनी मोटार उभी केली आणि पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद ठेवून दोन तास मैक चालवला. आता ती लोखंडी पेटी जेवते ती मोटारीच्याच बॅटरीवर, आणि इंजिन बंद असलं की बॅटरी पुन्हा भरायला काही साधन नसतं. हे मुकुंदरावांना माहीत नव्हतं असं नाही. नाटकाच्या नादात राहून गेलं. निघायच्या वेळी हँडल फिरवून फिरवून तळहात सोलले, पण बॅटरीत ठिणगीपुरतीही धुगधुगी नव्हती. मोटार तिथेच टाकून घरी यायला चार वाजले, तिरुनीलक्कुडीला पोचायला दिवस मावळला. मीनाक्षीबाई तीनलाच गेल्या होत्या.

नागलक्ष्मी त्यावर एक शब्द बोलली नाही. तिने आदळआपट केली असती, चार दिवस अबोला धरला असता, तर मुकुंदरावांना हलकं वाटलं असतं. तेरावा आटोपून दोघं परत आली, तिने चूल पेटवली, आणि त्यानंतर कधीतरी ते ‘यावें’ नाहीसं झालं. नेमकं कोणत्या दिवशी, हे त्यांना आठवत नव्हतं.

रोज सकाळी ते उंबऱ्यावर जरा जास्त वेळ रेंगाळत. चपलेचा अंगठा नीट करत, पेटीचा पट्टा सैल करून पुन्हा आवळत. नागलक्ष्मीची पाठ दिसे, चुलीचा धूर दिसे. काही येत नसे. मग ते मोटारीत बसून दिवसभर गावाला हाका मारत, आणि दुपारी तळ्याकाठी झाडाखाली डबा उघडला की त्यांना तो एक शब्द आठवे आणि डबा अर्धाच राही. पंचावन्न वर्षांच्या माणसाने बायकोला काय म्हणून विचारावं? तू मला ‘यावें’ का म्हणत नाहीस? आणि विचारलं आणि तिने कारण सांगितलं, तर ते ऐकायची ताकद आपल्यात आहे का?

सगळ्यांत बोचे ते दुसरंच. परसात बसून ते तारा सोलत असत आणि दारात नागलक्ष्मी भाजीवालीशी हुज्जत घालत असे. तमिळमधली ती हुज्जत त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येई. म्हणजे हिला आवाज आहे, मुकुंदराव मनात म्हणत, साऱ्या जगासाठी आहे, माझ्यापुरता आटला. घरात ती अधूनमधून काही पुटपुटे, ओठ हलत, अर्धंमुर्धं पोचे. तेव्हा ते ‘‘सरी’’ म्हणत. सरी म्हणजे बरं. तमिळमधून हा शब्द त्यांच्या मराठीत कधीच घर करून बसला होता, आणि कोणत्याही प्रश्नावर तो चालून जाई.

त्याच सुमाराला मैकसेटही बिघडला. म्हणजे मुकुंदरावांना तसं वाटलं. कर्ण्यातून बाहेर पडताना ‘स’ आणि ‘च’ झिजून जात. शब्द गोटे होऊन घरंगळत. त्यांनी पेटी उघडली.

त्या पेटीला ॲम्प्लिफायर म्हणतात आणि ती आवाज मोठा करते, असा लोकांचा समज आहे. मुकुंदराव त्यावर नाही म्हणून मान हलवत. मैकमधून येते ती विजेची एक बारीक लहर, मुंगीलाही तिचा धक्का जाणवायचा नाही. ती वॉल्व्हमध्ये जाते. वॉल्व्ह म्हणजे कालव्यावरचं दार. दार फिरवायला एक हात पुरतो, पण दार उघडल्यावर शेतात जातं ते पाणी त्या हाताचं नसतं, कावेरीचं असतं. तशी मैकची लहर नुसती दार उघडते आणि मिटते, जोर सगळा बॅटरीचा. एका वॉल्व्हने उचललेली लहर दुसऱ्याकडे, दुसऱ्याने वाढवलेली शेवटच्या दोन मोठ्या वॉल्व्हकडे, आणि तिथून एका ट्रान्सफॉर्मरमधून, कर्ण्याला सोसेल अशा बेताने, बाहेर. त्यातही बॅटरी पडली बारा व्होल्टची आणि वॉल्व्हना लागतात अडीचशे-तीनशे. सरळ वाहणारी वीज काही ट्रान्सफॉर्मरला वाढवता येत नाही. म्हणून व्हायब्रेटर नावाच्या डबीत एक पातळ पट्टी सेकंदाला शंभर वेळा थरथरते आणि वीज तोडून तोडून पुढे देते. ती वाढवायची, पुन्हा सरळ करायची आणि मग वॉल्व्हना वाढायची. मुकुंदराव या सगळ्याला स्वयंपाक म्हणत.

त्यांनी त्या स्वयंपाकातलं एकेक भांडं तपासलं. व्हायब्रेटर बदलला. वॉल्व्ह काढून पाय पुसले, जागा अदलून बदलून पाहिल्या. कर्ण्याच्या गळ्यातला पडदा नवा घातला. तरी ‘स’ काही परत येईना. मग त्यांनी आवाजाचं बटण थोडं वर नेलं, आणखी थोडं नेलं, आणि शेवटी ते अखेरच्या आकड्यावरच राहू लागलं. साड्यांच्या दुकानाची जाहिरात गावाला धमकीसारखी वाटू लागली.

बाजारात सेतुरामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सेतुरामही तंजावरकडचे मराठीच, पण दुकानात दोघं तमिळमध्येच बोलत, कारण दुकान बाजारात होतं.

‘‘राव, पेटीत काही दोष नाही,’’ सेतुराम तासभर ठोकून-ऐकून म्हणाले. ‘‘तुम्ही बटण शेवटाला नेऊन ठेवता. बॅटरी देऊन देऊन किती देणार? त्यापलीकडे मागितलं की लहरीचा माथाच कापला जातो आणि आवाज फाटतो. बटण अर्ध्यावर आणा.’’

‘‘आणि माझा ‘स’ कुठे गेला?’’

‘‘‘स’ जागेवर आहे.’’

‘‘तुम्ही एकदा कान दाखवून घ्या,’’ मुकुंदराव म्हणाले आणि मोटारीतून काढून आणलेली पेटी उचलून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच निकाल लावायचं ठरवलं. मोटार घरासमोर लावली. कर्ण्यांची तोंडं रस्त्याच्या दोन टोकांना वळवली, नाहीतर कर्ण्याचा आवाज पुन्हा मैकमध्ये शिरून शीळ घालतो. लांब तार ओढून मैक उंबऱ्याशी, तोंड आतल्या बाजूला करून, मांडला आणि त्याच्यापुढे घरातलं गजराचं घड्याळ ठेवलं. माणसाच्या बोलण्याचा भरवसा नाही, घड्याळाची टिकटिक रोज तीच. ती कर्ण्यातून कशी येते ते कान लावून ऐकायचं होतं. बटण अर्थात अखेरच्या आकड्यावर होतं. वॉल्व्ह तापले, व्हायब्रेटर भुणभुणू लागला. मुकुंदराव घड्याळाची किल्ली फिरवून उठले आणि मोटारीकडे वळले. जायचं होतं पंधरा पावलं, पण उंबरा ओलांडताना तोंडातून सवयीने निघालंच, ‘‘येतों.’’

आणि कर्ण्यांतून, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नागलक्ष्मी म्हणाली, ‘‘यावें.’’

समोरची म्हातारी रांगोळी घालत होती, ती पीठ हातात धरून आभाळाकडे पाहू लागली. सायकलवाला एक पाय टेकून थांबला. मुकुंदराव मोटारीच्या दाराला धरून उभे राहिले. अठ्ठावीस वर्षांचा तो आवाज, शेवटी किंचित खाली उतरणारा, जसाच्या तसा होता. गळ्यातलं उपरणं त्यांनी तोंडावर दाबलं.

नागलक्ष्मी धावत बाहेर आली ती लाजेने आणि रागाने लाल होऊन. घरातलं बोलणं असं रस्त्यावर सांडलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने मैक ढकलला आणि आत गेली. मुकुंदराव पेटी बंद करून मागोमाग गेले.

‘‘आज म्हणालीस,’’ ते म्हणाले.

‘‘काय म्हणालें?’’ रागात होती म्हणून आवाज चढला होता, आणि तोंड समोर होतं.

‘‘यावें म्हणून.’’

‘‘रोज म्हणतें! म्हटल्यावांचून कधीं जाऊं दिलें तुम्हांस? तुम्हींच वळून पाहत नाहीं. आईचें सांगितलें त्या दिवशींही तसेंच. येवढें मन घट्ट करून बोललें, आणि तुम्ही सरी म्हणून चप्पल घालून निघालां.’’

मुकुंदराव मान हलवून म्हणाले, ‘‘सरी.’’ ती पाठ फिरवून चुलीकडे गेली.

ते मोटारीत जाऊन बसले. पेटीत दोष नव्हता. सेतुराम बरोबर होते. महामहमनंतर महिनाभर कानात रातकिडे किरकिरत होते, ते थांबले म्हणून आपण विसरलो, आणि ते थांबताना काय काय घेऊन गेले हे पाहिलंच नाही. मोठं होतं ते राहिलं, तमिळ राहिली, भाजीवाली राहिली. हळू होतं ते सगळं गेलं. ती रोज म्हणत होती. या विचाराने त्यांना इतका आनंद झाला की मोटारीत एकटेच हसले, आणि लगेच दुसरा विचार आला तेव्हा हसू जागीच विरलं. आईचं काय सांगितलं तिने? इतकं मन घट्ट करून माणूस दोनच गोष्टी बोलतो. एक तर ‘मी विसरले, तुम्हीही विसरा’. नाहीतर ‘हे मी मरेपर्यंत विसरणार नाही’. आणि या दोहोंपैकी कशावर तरी आपण सरी म्हणून चप्पल घातली होती.

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या एका वाक्यासाठी तळमळत काढले. सरळ सांगून टाकावं, की मला ऐकू येत नाही, तर जीभ रेटेना. गावाचा आवाज म्हणून ज्याची ओळख, तो बहिरा, हे बाजाराला कळलं तर हसून हसून लोळतील. आणि तिला सांगायचं म्हणजे वर्षभर म्हटलेली प्रत्येक सरी खोटी होती असं सांगायचं. ते चुलीजवळ जाऊन बसू लागले, तिच्या ओठांकडे पाहू लागले. ती म्हणे, सरका, धूर लागेल. एकदा धीर करून ते म्हणाले, ‘‘जरा मोठ्यानें बोल.’’ तिने चमकून पाहिलं आणि मोठ्याने बोलली, पण तमिळमध्ये. मोठ्याने म्हटल्यावर तिच्या तोंडून तीच भाषा आली. उद्या तेल संपेल, आणायला हवं, असं काहीसं. प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. मुकुंदरावांना आपण दारात आलेले कुणी गिऱ्हाईक आहोत असं वाटलं.

नवव्या दिवशी ते सेतुरामांच्या दुकानात गेले. कान दाखवून घ्या म्हटल्याबद्दल काही बोलले नाहीत, सेतुरामांनीही विचारलं नाही. रेडिओवाले कानाला लावतात तो जुना हेडफोन त्यांनी मागून आणला आणि दुपारभर पेटीशी बसले. कर्णे सोडवले. शेवटचे दोन मोठे वॉल्व्ह उपसून बाजूला ठेवले. गावाला ऐकवायचं नव्हतं, त्यामुळे एवढ्या जोराचं कामच नव्हतं. दुसऱ्या वॉल्व्हने उचललेली लहर, नुसती लहरच पुढे सोडणाऱ्या एका कंडेन्सरमधून काढून त्यांनी हेडफोनच्या तारांना दिली आणि बटण अर्ध्यावर आणलं. हेडफोन कानाला लावून मैकपुढे कागद चुरगाळला. कागदातला ‘स’ आला. ‘च’ आला. त्यांनी कितीतरी वेळ कागद चुरगाळला.

ऊन उतरल्यावर त्यांनी नागलक्ष्मीला बोलावून मोटारीत मागे बसवलं, काचा वर केल्या आणि मैक तिच्या हातात दिला.

ती काहीतरी म्हणाली. बहुधा ‘कशास’ असं. मुकुंदरावांच्या तोंडात सरी आलीच होती. त्यांनी ती गिळली.

‘‘मज ऐकूं येत नाहीं,’’ ते पुढच्या काचेकडे पाहत म्हणाले. ‘‘गेल्या महामहमापासून. तुझें यावें ऐकूं आलें नाहीं. आईचें काय सांगितलेंस तेंही नाहीं. मी उगाच सरी म्हणत राहिलों.’’

मग त्यांनी हेडफोन कानावर चढवला आणि पहिल्यांदा त्यांना ऐकू आला तो तिचा श्वास, अडखळत येणारा, अगदी कानाशी. ती रडत होती का, हे वळून पाहायचं धैर्य त्यांना झालं नाही.

‘‘वर्षभर?’’ ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, हळू, मराठीत. ‘‘मी म्हटलें, यांस माझें बोलणें नको जालें.’’

‘‘मी म्हटलें, तुज माझ्याशीं बोलणें नको जालें.’’

पुन्हा श्वास. बांगड्यांचा आवाज. पदराने तिने तोंड पुसलं तेही त्यांना ऐकू आलं.

‘‘तें आईचें,’’ ती म्हणाली. ‘‘दादानें मागाहून मज सांगितलें. ती सकाळींच बेशुद्ध जाली होती. आपण बारास पोंचलों असतों तरी तिनें मज ओळखिलें नसतें. तेव्हां तुम्ही तें मनांत घेऊं नका. मीं केव्हांच सोडून दिलें. येवढेंच त्या सकाळीं सांगितलें होतें.’’

मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून सदऱ्यावर पडत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

‘‘पुन्हां सांग,’’ ते म्हणाले.

‘‘ऐकूं आलें नाहीं?’’

‘‘आलें. तरी सांग.’’